पाणी तुम्हाला कळतं, त्या धंद्यातली उधारीही बघा

नमस्कार. तुमचं पत्र लांबलचक होतं, म्हणून इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही 48 वर्षांचे, इचलकरंजीत कापड प्रोसेसिंगच्या एका कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, सांभाळता. वडिलोपार्जित प्लॉट विकला, कर भरून 18 लाख हातात आले आणि सध्या बचत खात्यात पडून आहेत. गृहकर्जाचे 4 लाख बाकी, मुलगी अकरावीत. मित्राचा मुलगा पुण्यात रंगाचं सांडपाणी पुन्हा वापरता येईल असं मेंब्रेनचं (पाणी गाळणाऱ्या बारीक पडद्याचं) तंत्रज्ञान करतोय, त्याच्या कंपनीत 10 लाख घालायचे आणि उरलेले 8 लाख यूट्यूबवर ऐकलेल्या, पाणी शुद्धीकरणाच्या धंद्यातल्या दोन कंपन्यांच्या शेअर्समध्ये. तुम्ही लिहिता, "पुढची पन्नास वर्षं पाण्याचीच आहेत, मग चुकणार कुठे?"

2012 ची काविळीची साथ ज्या गावाने पाहिली, त्या गावातल्या माणसाला पाण्याचं महत्त्व मी काय सांगणार! पण पाणी सगळ्यांना लागतं हे जितकं खरं, तितकंच ते शुद्ध करून देणाऱ्याचं बिल कोणी वेळेवर भरत नाही हेही खरं. तुमचा प्रश्न मी या दुसऱ्या बाजूने बघतो.

आधी शेअर्स. या क्षेत्रातल्या बहुतेक कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक सरकार: नगरपालिका, महापालिका, जल जीवन मिशन. व्हिडिओवाले ऑर्डर बुकचा आकडा दाखवतात. ऑर्डर म्हणजे काम मिळालं, पैसे मिळाले नव्हेत. जल जीवन मिशनचंच बघा. 2024-25 च्या अर्थसंकल्पात त्यासाठी 70,163 कोटींची तरतूद होती, सुधारित अंदाजात ती 22,694 कोटींवर आली. योजना बंद पडली नाही, उलट मुदत 2028 पर्यंत वाढली. पण मधल्या काळात पाइप टाकून बसलेल्या ठेकेदाराने बँकेचं व्याज कुठून भरायचं? पुण्यात मुळा-मुठेसाठी 11 सांडपाणी प्रकल्पांचा जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेबरोबरचा कर्जकरार जानेवारी 2016 मधला आहे. काम जमिनीवर दिसायला किती वर्षं गेली, ते पुणेकरांना विचारा. माझा स्वतःचा एक ग्राहक पाणीयोजनांची कामं घेतो. त्याच्या ताळेबंदात तीन वर्षं छान नफा होता, आणि त्याच तीन वर्षांत त्याने बायकोचे दागिने दोनदा गहाण ठेवले.

जळगावच्या जैन इरिगेशनचं उदाहरण मुद्दाम देतो. ठिबक म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव तेच. माल उत्तम, शेतकऱ्याला हवाच असलेला. तरी डोक्यावर मोठं कर्ज आणि सरकारी अनुदानाची रक्कम उशिरा हाती येणं, यात 2019 मध्ये कर्जाची परतफेड चुकली. ज्यांनी 'पाण्याची बचत हेच भविष्य' म्हणून शेअर घेतला होता त्यांचा अंदाज बरोबरच होता. पैसे मात्र गेले.

म्हणून त्या दोन कंपन्यांचे वार्षिक अहवाल डाउनलोड करा आणि थेट मागच्या टिपांमध्ये 'ट्रेड रिसीव्हेबल्स'वर, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या पैशांवर, जा. 2021-22 पासून येणी किती जुनी आहेत याचा तक्ता देणं सक्तीचं आहे: सहा महिन्यांच्या आतली, वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांच्या वरची. शेवटचे दोन रकाने दरवर्षी फुगत असतील तर तिथेच थांबा. नाहीतर रोख प्रवाहाच्या पानावर या आणि पाच वर्षांचा नफा एका बाजूला, धंद्यातून आलेली रोकड दुसऱ्या बाजूला मांडून बेरीज करा. निम्मीही रोकड येत नसेल तर ऑर्डर बुक कितीही हजार कोटींचं असो. अर्ध्या तासाचं काम आहे. सांडपाण्यातली घाण मोजणारी सीओडीची टेस्ट करायला याहून जास्त वेळ लागतो.

तुमच्यासारख्याला दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. प्लांट एकदाच विकला जातो, पण पाण्यात सोडायची (डोझिंगची) केमिकल्स, क्षार काढणारं रेझिन, आरओची मेंब्रेन्स पुन्हा पुन्हा लागतात. त्यांची इंडेंट, म्हणजे मागणीपत्रं, तुम्हीच भरता. कोणाचा माल टिकतो, कोण भाव वाढवला तरी गिऱ्हाईक गमावत नाही, हे मुंबईत बसलेल्या विश्लेषकापेक्षा तुम्हाला आधी कळतं. शिवाय खासगी कारखानदार रडतखडत का होईना, पैसे देतो, कारण एमपीसीबीची, म्हणजे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची, नोटीस दारात असते. शेअर घ्यायचाच तर या बाजूची कंपनी शोधा. नाव मी सांगणार नाही.

आता मित्राचा मुलगा. त्याने तुमच्या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एकीत काळंनिळं पाणी, दुसरीत नितळ, आणि तुम्ही भारावलात. साहेब, नितळ पाणी तर तुमचा आरओही देतो! खरा प्रश्न मेंब्रेन किती तासांनी चोक होतं, सीआयपी (मेंब्रेन जागेवरच धुणं) किती वेळा करावी लागते आणि सहा महिन्यांनी फ्लक्स (त्यातून पाणी जाण्याचा वेग) किती उरतो, हा. बाजूला राहिलेल्या खारट पाण्याचं तो काय करणार? हे प्रश्न मी तुमच्याच क्षेत्रातल्या एकाकडून शिकलो, तुम्ही मात्र ते विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. मित्राचा मुलगा समोर असला की आपण इंजिनिअर राहत नाही, काका होतो.

माझा प्रश्न त्याहून साधा: आजवर किती कारखान्यांनी त्याला पूर्ण बिल दिलंय? फुकट ट्रायल धरू नका.

कागदपत्रंही बघा. खासगी कंपनी शेअर विकते तेव्हा कंपनी कायद्याच्या कलम 42 नुसार तुमच्या नावाने पीएएस-4 हे ऑफर पत्र यायला हवं. पैसे तुमच्या बँक खात्यातून कंपनीच्या वेगळ्या खात्यात जातात, रोख चालत नाही. 60 दिवसांत शेअर मिळाले नाहीत तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत, नाहीतर 12 टक्के व्याज. 'काका, आत्ता जीपे करा, कागद नंतर करू' असं म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. आणि सगळं नीट असलं तरी हे शेअर विकायला बाजार नाही. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी ते कोणी विकत घेणार नाही.

तुमचा पगार कापड प्रोसेसिंगवर, त्या कंपनीचं गिऱ्हाईकही कापड प्रोसेसिंग. सुताला मंदी आली की दोन्ही एकदम आटतील. हे तुमच्या लक्षात आलं नसावं.

तर मी पैसे असे लावेन: 4 लाख गृहकर्जाला, ते संपवा. 6 लाख मुलीच्या शिक्षणासाठी एफडीत. 3 लाख अडीनडीला, तेही एफडीतच, पण हवे तेव्हा मोडता येतील असे. उरले 5. त्यातले 3 लाख लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे लगेच काढता येणारा म्युच्युअल फंड) ठेवून दर महिन्याला थोडे थोडे इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा फंड) वळवा. याला आमच्याकडे एसटीपी (सिस्टिमॅटिक ट्रान्सफर प्लॅन) म्हणतात, तुमच्याकडचा सांडपाण्याच्या प्लांटचा एसटीपी नव्हे! एक लाखाचे शेअर, तेही वरचा तक्ता तपासून, चार-पाच हप्त्यांत. आणि एक लाख त्या मुलाच्या कंपनीत, गेले तर दिवाळीला विषय निघणार नाही अशा तयारीने.

दहा लाखांऐवजी त्याला दुसरं काही द्या. मालकांची परवानगी काढून तुमच्या ईटीपीच्या शेवटच्या टप्प्यावर त्याचं छोटं युनिट तीन महिने चालवू द्या, रोजचं रीडिंग तुम्ही घ्या. त्याला पैशांपेक्षा याची गरज जास्त असणार. आकडे चांगले आले तर कंपनी पुढच्या वेळी पैसे उभारेल तेव्हा, महागात का होईना, आणखी शेअर घेता येतील.

मुलीच्या एफडीची मुदत मात्र बारावीनंतरच्या जूनला संपेल अशी ठेवा. काउंटरवरचा माणूस पाच वर्षांची कर बचतीची एफडी गळ्यात मारायला बघेल. ती मध्ये मोडता येत नाही.