सिलिंडरच्या प्रत्येक स्फोटाला 'ब्लेव्ही' म्हणतात का?

फायर सेफ्टीच्या कोर्समध्ये 'ब्लेव्ही' शब्द आला. पेपरात येतो तो प्रत्येक 'गॅस सिलिंडरचा स्फोट' म्हणजे ब्लेव्हीच का, असं तुम्ही विचारलंय. नाही. पुष्कळदा तो नसतोच.

बॉइलिंग लिक्विड एक्सपांडिंग व्हेपर एक्सप्लोजन हे त्याचं लांबलचक नाव, म्हणजे दाबाखाली तापलेला द्रव भांडं फाटताच एकदम वाफ होऊन होणारा स्फोट. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगमध्ये बॉयलर सांभाळतो, म्हणून तिथूनच सांगतो. दहा किलो प्रेशरला बॉयलरमधलं पाणी १८० अंशांच्या पुढे तापलेलं असतं, पण दाबाखाली असल्यामुळे पाणीच राहतं. शेल, म्हणजे बॉयलरचं पत्र्याचं भांडं, फाटलं की दाब एकदम उतरतो, आणि इतकं तापलेलं पाणी उघड्यावर पाणी म्हणून टिकूच शकत नाही. त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, आणि वाफेला जागा लागते पाण्याच्या साधारण १६०० पट. शेड उडायला तेवढं पुरतं. यात कुठेही काही पेटलेलं नाही, तरी हा ब्लेव्हीच. आग हवीच, असं बरेच जण धरून चालतात, तसं नाही.

एलपीजीत मात्र बहुतेक वेळा आगीपासूनच सुरुवात होते. टँकरखाली आग लागली की खालच्या पत्र्याची उष्णता आतला द्रव ओढून घेतो. वरच्या भागात नुसती वाफ, तिथला पत्रा तापून मऊ पडतो. सेफ्टी व्हॉल्व्ह नीट उघडून दाब सोडत असला तरी तो पत्रा फाटू शकतो, कारण दाब वाढला नाही तरी पत्र्याची ताकद गेलेली असते. म्हणून फायर ब्रिगेडवाले लांबून टाकीच्या वरच्या अंगावर पाणी मारतात. व्हॉल्व्हची शिट्टी चढत चालली तर पाणी मारणंही सोडून मागे हटायचं.

आता घरातला प्रकार. रात्रभर गॅस गळला, सकाळी कुणीतरी लाईटचं बटण दाबलं, भिंत पडली. हा हवेत मिसळलेल्या गॅसचा स्फोट. ढिगाऱ्यात सिलिंडर बहुधा अख्खा सापडतो, तरी बातमीत 'सिलिंडर फुटला' छापून येतंच! सिलिंडरचा पत्रा उभा फाटून पसरलेला दिसला, तर ब्लेव्हीचा संशय घ्या. आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४३-४४ अंशांनी धडधाकट सिलिंडर फुटत नाही. तरी उन्हात ठेवू नका, तो भाग वेगळा.

परीक्षेत उदाहरण विचारलं तर मेक्सिको सिटीजवळचं सान हुआनिको लिहा. १९ नोव्हेंबर १९८४ला तिथल्या एलपीजी साठ्यात आधी गळतीचा ढग पेटला, मग आगीत सापडलेल्या टाक्या एकामागून एक ब्लेव्ही होत गेल्या. सुमारे ५०० माणसं गेली. दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी, त्याच क्रमाने घडलेले, त्यामुळे फरक लिहायलाही सोपं जातं.