मंडळीची दोन रात्रींची रिट्रीट: कार्यक्रम किती ठेवावा?

प्रश्न : आमच्या मंडळीतले (चर्चमधले) चाळीसेक जण दोन रात्रींच्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-मननाच्या निवासी शिबिराला, जाणार आहेत. तयारी कधी सुरू करावी? सत्रे किती ठेवावीत?

उत्तर : सहा महिने आधी जागा ठरवा. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्या : किमान किती जणांचे पैसे भरावेच लागतील आणि रद्द केल्यास किती परत मिळतील. नुसत्या होकारावर खोल्या धरू नका. नोंदणीशुल्क जमा झाले तेवढीच माणसे मोजा. खालच्या मजल्यावरच्या खोल्या आधी वयस्करांना द्या. नोंदणीअर्जात औषधे, पथ्य, ॲलर्जी आणि घरचा संपर्क विचारा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवीच.

आता सत्रे. बहुतेक रिट्रीट इथेच थकवतात. वक्ता आला आहे म्हणून सात-आठ प्रवचने ठेवली जातात, मग मनन आणि विश्रांती दोन्ही राहून जातात. बायबलमधल्या मार्क ६:३१ मध्ये येशू शिष्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो, हे वेळापत्रक करताना समोर असू द्या. पंचेचाळीस मिनिटांची चार सत्रे पुरेत. प्रत्येकानंतर सहा-सात जणांच्या गटात चर्चा. गट मोठा झाला की तेच तिघे बोलतात. पहिल्या संध्याकाळी मुख्य सत्र नको, कोणीतरी उशिरा पोहोचतेच. ओळख आणि छोटी प्रार्थना पुरे. दुसऱ्या दिवशी तासभर मौन ठेवा, पण हातात बायबलमधला एक उतारा आणि दोन प्रश्न लिहिलेला कागद द्या. नाहीतर दहा मिनिटांत कुजबूज सुरू होते.