परराष्ट्र बातमीदारी, मुक्काम पोस्ट डोंबिवली

प्रश्न : सर, मी टीवायला आहे, विषय इतिहास. आंतरराष्ट्रीय घडामोडी आणि लष्करी इतिहास यांवर पत्रकारिता करायची आहे. घरात कुणी फौजेत नाही. दिल्लीला गेल्याशिवाय यात काही होत नाही, असं सगळे सांगतात. सुरुवात कुठून करू? यावर पोट भरतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी पोटाचं. पहिली काही वर्षं नुसत्या यावर भागत नाही. मी रात्रपाळीला एजन्सीच्या बातम्या मराठीत उतरवायचो, पावसाळ्यात तुंबलेल्या नाल्यांवरही लिहायचो आणि सवड मिळेल तेव्हा मुंबईतल्या एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात बसायचो. नाल्याची बातमी करताना कंत्राट वाचायची सवय लागते. पुढे शस्त्रखरेदीवर लिहिताना तीच उपयोगी पडते.

आता दिल्ली. त्याआधी कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाऊन ये. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांचं हे स्मारक. आतला स्मृतिलेख नीट वाच. अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत; शिपायांबद्दल एवढंच, की ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही. या धंद्यातलं निम्मं काम तिथूनच सुरू होतं, असं माझं मत.

दुसरं, तलवारीपेक्षा शिधा बघायला शीक. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या डिसेंबरात, ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन आजच्या इराकमधल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. बसऱ्याला कुमक उतरत होती, पण टायग्रिस नदीतून वर न्यायला बोटीच पुरेशा नव्हत्या. 29 एप्रिल 1916 ला कुत शरण गेलं. शौर्याची वर्णनं ढिगानं मिळतात, बोटींचा हिशेब या मोहिमेवरच्या 1917 च्या सरकारी चौकशी अहवालात सापडतो. आजच्या युद्धाची बातमी आली की हाच प्रश्न विचार : डिझेल कुठल्या रस्त्यानं येतंय?

घरात फौजी नसला तरी बिघडत नाही. तुमच्या डोंबिवलीतच निवृत्त जवान, नौसैनिक भेटतील. ‘भीती वाटली का?’ हे विचारू नकोस, पाठ केलेलं उत्तर मिळेल. ‘पाणी कुठून आणायचात?’ विचार, मग माणूस तासभर बोलतो. ऐकलेली तारीख मात्र कागदाशी ताडून घे.

एकच प्रदेश निवड, तिथली भाषा शिकायला लाग. सगळ्या जगावर मत देणारे टीव्हीवर पुष्कळ आहेत.

दिल्लीला जरूर जा, पण ऑफिस तिकीट काढून देईल तेव्हा.