पाच नंबरवर विविध भारती

होम थिएटरचा रिसीव्हर घरी आला की पहिले चार दिवस सिनेमे बघण्यात जातात. त्याच डब्यात एक चांगला रेडिओही आहे, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात राहतं. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्या रेडिओबद्दल आहेत, म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो.

प्रश्न (ठाणे): रिसीव्हरवर 'ऑटो प्रीसेट' (स्टेशनं आपोआप नंबरवार साठवण्याची सोय) केलं. बारा स्टेशनं आपोआप भरली गेली, पण मला हवं असलेलं 100.7 त्यात आलंच नाही. क्रमही भलताच लागला. काय चुकलं?

तुमचं काही चुकलेलं नाही. ऑटो प्रीसेट 87.5 पासून वर 108 मेगाहर्ट्झपर्यंत शोधत जातं, जिथे सिग्नल पुरेसा जोरकस वाटेल तिथे थांबतं आणि ते स्टेशन पुढच्या रिकाम्या नंबरात टाकतं. म्हणून तुमच्याकडे 91.1 पहिलं आलं असेल आणि 107.1 शेवटी. तुम्ही रोज काय ऐकता हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. सिग्नल थोडा कमी पडला की चांगलं ऐकू येणारं स्टेशनसुद्धा ते ओलांडून पुढे जातं.

माझं मत विचाराल तर ऑटो प्रीसेट वापरूच नका. हाताने भरायला दहा मिनिटं लागतात आणि ती एकदाच द्यावी लागतात. आधी ट्यूनर, म्हणजे रिसीव्हरमधला रेडिओ, निवडा, ट्यूनिंगच्या बटणाने 100.7 वर या. मग 'मेमरी' दाबा, म्हणजे पडद्यावर नंबर लुकलुकायला लागेल. तो लुकलुकतोय तोवर 'प्रीसेट'च्या अधिक-उणे बटणाने हवा तो नंबर आणा आणि पुन्हा 'मेमरी' दाबा. लुकलुकणं काही सेकंदांत थांबतं, आणि बहुतेकांची गाडी नेमकी इथेच अडते. दुसऱ्यांदा 'मेमरी' दाबण्याआधीच नंबर स्थिर झाला असेल तर काहीच साठलेलं नसतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.

हाताने लावूनही 100.7 वर खरखर येत असेल तर ती का, ते आता पाहू. रिसीव्हरसोबत इंग्रजी टी अक्षरासारखी एक पातळ वायर येते. तिचा आडवा भाग साधारण दीड मीटरचा असतो, कारण एफएमच्या लहरीची निम्मी लांबी तेवढी भरते. ती गुंडाळी करून कपाटामागे टाकलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे. ती उघडून भिंतीवर ताणून लावा. दोन-तीन भिंतींवर धरून बघा, फरक लगेच कळतो. एवढं करूनही खरखर राहिली तर ते स्टेशन मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येईल असं, ऐका. एफएमचं स्टिरिओ प्रसारण कमजोर सिग्नलवर मोनोपेक्षा बरीच जास्त खरखर करतं. पुष्कळ रिसीव्हरवर हाताने ट्यून केलं की मोनो आपोआप लागतो, आणि काहींत प्रीसेट साठवताना मोनो-स्टिरिओची निवडही सोबत साठते. म्हणजे कमजोर स्टेशन एकदाच मोनोत साठवून ठेवलं की काम झालं.

प्रश्न (कोथरूड, पुणे): मुलाने अमेरिकेहून रिसीव्हर आणला. आवाज अप्रतिम आहे, पण रेडिओवर 101.0 लागतच नाही. आकडा 100.9 वरून थेट 101.1 वर उडी मारतो. रिसीव्हर बिघडलाय का?

बिघडलेला नाही. अमेरिकेत एफएम स्टेशनांच्या आकड्यात दशांशानंतर नेहमी विषम अंक असतो: 88.1, 88.3, 88.5 असे. म्हणून तिथल्या बऱ्याच रिसीव्हरचा ट्यूनर 0.2 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चालतो. आपल्याकडे 98.3 आहे तसं पुण्याच्या विविध भारतीचं 101.0 सुद्धा आहे, आणि ते त्या पायऱ्यांच्या बरोबर मधे पडतं. 100.9 किंवा 101.1 वर थांबून ऐकलंत तर काहीतरी ऐकू येईल, पण आवाज फाटलेला असेल आणि 'स', 'श' तर कानाला टोचतील.

मध्यम लहरींची (रिसीव्हरवर 'एएम') अडचणही अशीच. आपल्याकडे स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने वसवलेली आहेत. पुण्याचं 792, मुंबईचं 558, दोन्हींना 9 ने भाग जातो. अमेरिकेत हे अंतर 10 चं आहे. त्यामुळे तुमच्या रिसीव्हरवर 790 येईल, मग 800, पण 792 येणार नाही.

उपाय रिसीव्हरच्या मॉडेलवर अवलंबून आहे. आशियासाठी बनवलेल्या काही मॉडेलांच्या मागच्या बाजूला एक छोटा स्विच असतो, त्यावर एका बाजूला 50 आणि 9, दुसऱ्या बाजूला 100 आणि 10 असं लिहिलेलं असतं; या एफएमच्या आणि मध्यम लहरींच्या पायऱ्या, किलोहर्ट्झमध्ये. तो 9 कडे करायचा. काहींत समोरचं एक बटण दाबून धरून रिसीव्हर चालू केला की खास मेनू उघडतो आणि त्यात ही पायरी बदलता येते. नेमकं कोणतं बटण ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत मिळेल. पायरी बदलली की साठवलेली सगळी स्टेशनं पुसली जातात, म्हणून हे काम आधी करा आणि प्रीसेट नंतर भरा. निव्वळ अमेरिकेसाठीच्या पुष्कळ मॉडेलांत ही सोय नसते. मग साधा वेगळा एफएम ट्यूनर घेऊन तो रिसीव्हरच्या ऑक्स इनपुटला, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या जागेला, जोडा. मी तरी तोच मार्ग घेईन.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं. तो रिसीव्हर 120 व्होल्टचा आहे आणि आपल्या भिंतीतून 230 येतात. मागच्या पट्टीवर लिहिलेले वॅट बघा आणि त्याच्या किमान दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. नुसती पिन बदलून तो थेट भिंतीत कधीही लावू नका, पहिल्याच वेळी जळेल.

प्रश्न (कोल्हापूर): रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, पण प्रीसेट बदलत नाही. नवे सेलही घातले.

आवाज बदलतोय म्हणजे सेल ठीक आहेत, रिमोटही ठीक आहे. या रिमोटची आकड्यांची आणि बाणांची बटणं अनेक यंत्रांसाठी वाटून दिलेली असतात. शेवटी तुम्ही 'बीडी' (ब्लू-रे प्लेअर) किंवा 'टीव्ही' दाबलं असेल तर पुढचा प्रत्येक आकडा त्या यंत्राकडे जातो. आवाजाचं बटण मात्र कायम रिसीव्हरचंच राहतं. आधी 'ट्यूनर' दाबा, मग प्रीसेट. आणि पाचव्या नंबरसाठी काही रिमोटवर आधी शून्य, मग पाच दाबावं लागतं.

रिमोट पूर्ण गप्प झाला तर मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्यात फिकट जांभळा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा, कारण काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश गाळलेला असतो. लुकलुक दिसली तर दोष रिसीव्हरच्या बाजूला आहे. बहुतेक वेळा कपाटाची काच, सेन्सरसमोर ठेवलेली शोभेची वस्तू किंवा त्यावर थेट पडणारं ऊन आड येत असतं.

प्रश्न (अहिल्यानगर जिल्हा): लाइट गेली की सगळी स्टेशनं पुसली जातात. दर वेळी नव्याने भरायची का?

जुन्या रिसीव्हरमध्ये ही मेमरी एका कपॅसिटरच्या, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या भागाच्या, जोरावर टिकते. रिसीव्हर नवा असताना लाइट आठवडाभर नसली तरी प्रीसेट राहायला हवेत. तुमच्याकडे काही तासांतच पुसले जात असतील तर तो कपॅसिटर दमला आहे. काही मॉडेलांत त्याऐवजी लिथियमचा छोटा सेल असतो. दोन्ही भाग स्वस्त आहेत, पण ते बोर्डवर डाग देऊन बसवलेले असतात, म्हणून दुरुस्तीवाल्याकडूनच बदलून घ्या. त्याला नेमकं सांगा: "मेमरी बॅकअपचा कपॅसिटर बदला." नाहीतर तो उगाच सगळा बोर्ड तपासत बसेल.

रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल तर तेवढा वेळही मेमरी या कपॅसिटरच्याच भरवशावर असते. वीज कडाडत असेल तेव्हा मात्र प्लग काढाच. प्रीसेट पुन्हा भरता येतात.

प्रश्न (नाशिक): नव्या रिसीव्हरवर मध्यम लहरीच नाहीत. अस्मिता वाहिनी कशी ऐकू?

आता बऱ्याच मॉडेलांतून मध्यम लहरी काढून टाकल्या आहेत, याचं मला वाईट वाटतं. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' अॅपवर आकाशवाणीच्या वाहिन्या मिळतात. फोनवरून ब्लूटूथने रिसीव्हरला जोडा.

प्रश्न (चिंचवड): सासूबाई 79 वर्षांच्या आहेत, दिसायला फार कमी झालंय. त्यांना सकाळच्या 7:10 च्या प्रादेशिक बातम्या आणि दुपारची गाणी एकटीने लावता यायला हवीत. रिमोटवर पन्नास बटणं आहेत.

हा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबलो. माझ्या मते प्रीसेटचा खरा उपयोग इथे आहे.

आधी त्यांच्याशी बोला आणि त्यांना हवी असलेली तीन-चार स्टेशनं विचारा. रिसीव्हरमध्ये चाळीस-पन्नास प्रीसेटची जागा असते. बाकीचे सगळे प्रीसेट पुसून टाका. बहुतेक रिसीव्हर रिकामे नंबर ओलांडून पुढे जातात, म्हणजे एकाच बटणावर त्यांची चारच स्टेशनं गोल फिरत राहतील. चुकलं तरी आणखी तीनदा दाबलं की पुन्हा तिथेच येता येतं. त्यांच्या ओळखीचा नंबर असेल तर तोच ठेवा. माझ्या आजोळी विविध भारती कायम पाच नंबरवर असायची आणि अंधारातही आजीचं बोट बरोबर तिथे जायचं.

मग रिमोटवर 'पॉवर', 'प्रीसेट अधिक' आणि आवाजाची दोन बटणं, एवढ्या चारच बटणांवर नेलपॉलिशचा जाडसर थेंब द्या. एकावर एक थेंब, दुसऱ्यावर दोन, असं वेगळं जाणवू दे. वाळल्यावर खडबडीत उंचवटा राहतो आणि तो बोटाला कळतो. टिकली लावू नका, ती चार दिवसांत निघते. सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा आणि चालू होतानाचा आवाज ठरवता येत असेल तर दोन्ही ठरवून ठेवा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी त्या दचकणार नाहीत. रिसीव्हर शेवटी ट्यूनरवर असताना बंद केला तर तो ट्यूनरवरच उघडतो. म्हणून रात्री सिनेमा बघून झाला की घरातल्यांनी तो ट्यूनरवर आणून बंद करायचा, एवढी सवय मात्र तुम्हाला लावून घ्यावी लागेल.

पहिल्या सकाळी सात वाजता त्यांच्या शेजारी बसा, पण बटण तुम्ही दाबू नका. त्यांना शोधू द्या.