कोकण शिवसेनेचा बालेकिल्ला कसा झाला? आणि आता तो संपला का?

आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं, त्यामुळे घरातूनच सुरुवात करतो. आजोबा पक्के समाजवादी. राजापूर लोकसभा मतदारसंघात १९५७ पासून नाथ पै, ते १९७१ साली गेल्यावर मधु दंडवते सलग पाच वेळा. आजोबांनी दुसऱ्या कुणाला मत दिल्याचं ऐकिवात नाही.

सेना आमच्याकडे आली ती काकांच्या ट्रंकेतून. काका लालबागला गिरणीत. एका खोलीत गावचे आठ-दहा जण. नोकरी असो, पोराची शाळा असो, इस्पितळातली खाट असो, त्यांचं एकच: "शाखेत सांग, काम होतला." १९६६ साली स्थापन झालेली सेना मुंबईत वाढली ती अशाच माणसांच्या जोरावर. इकडे घर मनीऑर्डरीवर चालायचं, आणि मनीऑर्डर पाठवणाऱ्याचा शब्द मोडायचा कुणी? गणपतीत चाकरमानी पडवीत जे बोलून जात, ते शिमग्यापर्यंत अख्ख्या वाडीचं मत झालेलं असे. १९८२ च्या संपानंतर काका कायमचेच गावी आले. मग तर बघायलाच नको.

हिंदुत्वामुळे कोकण सेनेकडे गेलं असं बरेच जण सांगतात. असेल थोडं. पण मला शाखेचं पारडं जड वाटतं. नारायण राणेच बघा ना: चेंबूरचे शाखाप्रमुख, १९८५ मध्ये नगरसेवक, १९९० मध्ये थेट मालवणचे आमदार. १९९६ मध्ये सुरेश प्रभूंनी राजापूरची जागाही सेनेकडे आणली.

२००५ मध्ये राणे काँग्रेसमध्ये गेले, आणि मालवणच्या पोटनिवडणुकीत सेनेच्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. संपली म्हणाले सगळे. २०१४ मध्ये त्याच सेनेच्या वैभव नाईकांनी कुडाळात राणेंना पाडलं.

म्हणून आताही 'संपला' म्हणताना जपून. २०२४ मध्ये लोकसभेला राणे कमळावर निवडून आले हे खरं. विधानसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ८ जागांपैकी उद्धव ठाकऱ्यांकडे एकटं गुहागर राहिलं, तेही भास्कर जाधवांमुळे. पण धनुष्यबाण ५ जागांवर आला, फक्त शिंद्यांच्या हातात. कुडाळात तर त्याच चिन्हावर नीलेश राणे.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा विरारला असतो, मनीऑर्डर कधीच बंद झाली. गणपतीत येतो, पण मत कुणाला द्यायचं हे त्याला पडवीत कुणी विचारत नाही.