‘प्रथम’ या शब्दाखालची रेघ

बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षे झालेल्या एक भगिनी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी बायबलातील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडून माझ्यापुढे ठेवला. तारणाविषयीच्या सोळाव्या वचनातील ‘प्रथम यहूद्याला मग हेल्लेण्याला’ (म्हणजे ग्रीकाला) यातल्या ‘प्रथम’खाली पेन्सिलीची रेघ इतक्या वेळा ओढलेली होती, की तिथला कागद विरला होता. “मी जन्माने परराष्ट्रीय, यहूदी नसलेली. म्हणजे देवाच्या घरात मी मागच्याच दाराने आले ना?” असे त्यांनी विचारले. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी शनिवारचा शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा विसाव्याचा दिवस, आणि जुन्या करारातील लेवीय या पुस्तकातले खाण्यापिण्याचे नियम पाळायला सुरुवात केली होती, आणि एखादा नियम चुकला की त्यांना रात्रभर झोप लागत नसे.

अशा वेळी गलतीकरांस पत्रातील ‘यहूदी व हेल्लेणी हा भेदच नाही’ हे वचन ऐकवून मोकळे होण्याचा मोह होतो. पूर्वी मी तसे केलेही आहे. पण समोरच्याचे ओझे त्याने हलत नाही, कारण ते वचन त्याला आधीपासूनच पाठ असते.

म्हणून आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय सावकाश वाचला. इ.स. 49च्या सुमारास यरुशलेमेत नेमका हाच वाद उभा राहिला होता, की सुंता आणि मोशेचे नियमशास्त्र यांवाचून परराष्ट्रीयांचे तारण होईल काय. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी, कोणाची सुंता किंवा बाप्तिस्माही झालेला नसताना, पवित्र आत्मा उतरल्याचे येशूचा शिष्य पेत्र याने स्वतः पाहिले होते. ‘त्यांचेही आपल्यासारखे तारण होईल’ असे तो म्हणाला असता, तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु त्याने वाक्य उलटे फिरवले आणि जसे त्यांचे, तसेच आपलेही तारण प्रभू येशूच्या कृपेनेच होईल, असे सांगितले. हा यहूदी प्रेषित परराष्ट्रीयांकडे बोट दाखवून स्वतःच्या तारणाची रीत समजावत होता. त्या भगिनींनी ते वचन तीनदा वाचले. मग यहूद्यांचा पूर्वज अब्राहाम याचा विश्वास उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात नीतिमत्त्व म्हणून गणला गेला आणि सुंता सतराव्यात आली, हा पौलाने दाखवलेला क्रमही त्यांनी स्वतःच शोधून काढला.

“म्हणजे यहूदी बाजूला पडले?” हा त्यांचा पुढचा प्रश्न मला अधिक जपून हाताळावा लागला, कारण न्यूनगंड उतरला की त्याच जागी गर्व यायला वेळ लागत नाही. पौल रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात देवाने आपल्या लोकांना टाकलेले नाही असे ठामपणे सांगतो, आणि कलम केलेल्या रानटी जैतुनाच्या फांदीला, म्हणजे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्याला, बजावतो, की तू मुळाला उचलून धरलेले नाहीस, मुळाने तुला धरले आहे.

पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले, की नियमांची वही बंद केली आहे. डुकराचे मांस मात्र अजूनही खात नाही, कारण ते त्यांना कधी आवडलेच नव्हते.