खिशात मावणाऱ्या ३०एक्स झूम कॅमेऱ्याची इमेज क्वालिटी घरी कशी तपासावी?

भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर त्याच्या अगदी समोर. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) सर्वांत कमी, २ सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद. सर्वांत वाइड, मधला आणि पूर्ण झूम असे प्रत्येकी तीन फोटो काढा, कारण फोकस कधीकधी चुकतो. मग कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठं करून चारही कोपरे पाहा. चारही सारखेच मऊ, म्हणजे किंचित धूसर असतील तर चालतं; एकाच कोपऱ्यातली अक्षरं फिसकटली असतील तर लेन्स तिरकी बसलीय. असा कॅमेरा सरळ बदलून घ्या.

पूर्ण झूमला थोडा मऊपणा येणारच. अशा कॅमेऱ्यातल्या १/२.३ इंची सेन्सरचे (प्रकाश टिपणाऱ्या चिपचे) पिक्सेल जेमतेम सव्वा मायक्रॉनचे आणि पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/६.४च्या आसपास, म्हणजे लहान, त्यामुळे डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, बारकावे पुसट होतात. दूरची इमारत भर उन्हात टिपून लेन्सला दोष देऊ नका, तापलेली हवाच चित्र हलवते.

शेवटी आयएसओ १०० ते १६०० चढवत केस किंवा लोकरीचं कापड टिपा. धागे जिथे मेणासारखे वितळलेले दिसतात, त्याच्या एक पायरी खाली तुमची मर्यादा.